गाडी वडखळला आहे

केमिकल कारखान्यात रिॲक्टर तापला तर सेफ्टीवाल्याला बोलावतात, रिॲक्टरमधला माल बिघडला तर क्यूसीवाल्याला, आणि रिॲक्टर रिकामा राहिला तर परचेसवाल्याला. पहिल्या दोघांना निदान कारखान्याच्या कुंपणाच्या आत घडलेल्या गोष्टीचा जाब द्यायचा असतो. परचेसवाल्याने जाब द्यायचा तो कांडल्याबाहेर नांगर टाकून बसलेल्या जहाजाचा, इराणमधल्या थंडीचा, चिनी नववर्षाचा आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांचा. बरं, सगळं वेळेवर आलं, तर असा कुणी माणूस कारखान्यात आहे हेही कुणाला आठवत नाही. रिकामा रिॲक्टर हीच त्याची प्रसिद्धी.

आमच्या लोटे-परशुरामच्या कारखान्यात या जातीचा एक अस्सल नमुना होता. मालकांपासून टँकरच्या क्लीनरपर्यंत सगळे त्यांना आबा म्हणत. मूर्ती बुटकी, शर्ट कायम अर्ध्या बाह्यांचा, खिशात दोन पेनं आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी. कारखान्यासाठी ॲसिड आणि स्वतःसाठी ॲन्टासिड, दोन्ही खरेद्या ते न चुकता करत. फोनवर ते 'हॅलो' म्हणत नसत. फोन लागला की पहिला शब्द "कुठाय?" एकदा चुकून व्याह्यांचा फोन उचलला तेव्हाही हेच विचारलं, आणि व्याही बिचारे खरोखरच वाटेत असल्याने "पनवेलला" म्हणाले. आबांनी सवयीने "मग उद्या दुपारी खाली होईल" असं सांगून फोन ठेवला.

गाडी कुठे आहे, या प्रश्नाला पुरवठादार जे उत्तर देतो ते ऐकायचं कसं, हे आबांकडून शिकावं. "साहेब, गाडी लावली" म्हणजे गाडी अजून शोधताहेत. "गाडी भरतेय" म्हणजे गाडी मिळाली, माल मिळायचाय. "काट्यावर आहे" म्हणजे आता खरोखर भरतेय. "गाडी निघाली" म्हणजे ड्रायव्हर जेवायला निघाला. आणि "गाडी वडखळला आहे" हे या शास्त्रातलं शिखर. वडखळच्या कोंडीची ख्यातीच अशी, की गुजरातेतून किंवा न्हावाशेव्याहून कोकणात उतरणारी कुठलीही गाडी तिथे कितीही तास अडकलेली असू शकते. ते खोटं पाडायचं कसं? आमच्याकडे एक टँकर अंकलेश्वरहून निघण्याच्या आधीपासून वडखळला उभा असल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

२०१८ साली ई-वे बिल आलं आणि या कलेला ग्रहण लागलं. बिल किती वाजता निघालं, गाडीचा नंबर काय, सगळं कळायला लागलं. पुढे तर दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असा हिशेबही पक्का झाला. आबांना आनंद व्हायला हवा होता. ते थोडे उदासच झाले. पूर्वी ते ड्रायव्हरशीच बोलायला मागायचे, मागचे हॉर्न ऐकायचे, मंदिराची घंटा वाजली की कुठलं मंदिर ते ओळखायचे. आता पुरवठादार नुसतं म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे."

आबांचा खरा धर्म एकच: कुठलाही माल एका माणसाकडून घ्यायचा नाही. शंभर टक्के गरजेपैकी साठ एकाला, तीस दुसऱ्याला, दहा तिसऱ्याला. साठवाल्याला वाटलं पाहिजे की सत्तर होतील, तीसवाल्याला वाटलं पाहिजे की साठवाला आता घसरतोय, आणि दहावाल्याला वाटलं पाहिजे की साहेब आपल्याला विसरलेले नाहीत. दर वर्षी ऑडिटच्या वेळी अकाउंट्सवाले विचारायचे, "दहावाल्याचा दर किलोमागे दोन रुपये जास्त आहे, मग त्याच्याकडून घेताच कशाला?" आबा म्हणायचे, "झाडाला उन्हाळ्यात पाणी घातलं नाही, तर पावसाळ्यात सावली मागायला जायचं कुठल्या तोंडाने?" यातला ऋतुक्रम कुणालाच नीट कळायचा नाही, पण अकाउंट्सवाले गप्प बसायचे.

त्याचा अर्थ कळला मार्च २०२० मध्ये. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आमच्या भाषेत आयपीए, एका रात्रीत सॅनिटायझरकडे वळलं. ज्या साठवाल्याने वर्षानुवर्षं दिवाळीला काजूकतली धाडली, त्याने फोन बंद केला. तीसवाल्याने उचलला, पण भाव असा सांगितला की आबांनी आपण आकडा चुकीचा ऐकतोय की काय म्हणून दोनदा विचारलं. तर तो म्हणाला, आदल्या दिवशीचा कमी होता. आणि भिवंडीचा दहावाला, ज्याला आम्ही कुणी चेहऱ्यानेही ओळखत नव्हतो, त्याने टाळेबंदीतला पास काढून ड्रम पाठवले. सोबत चिठ्ठी नव्हती, उपकाराची भाषा नव्हती. चलनावर भाव तेवढा थोडा वाढलेला होता. आबांनी तो एका शब्दानेही कमी करून मागितला नाही. आयुष्यात घासाघीस न करता केलेली ती त्यांची बहुधा एकमेव खरेदी.

पुरवठादारांची त्यांची पारख माणसांची होती, मालाची नंतर. मोठ्या कंपनीचा विक्री अधिकारी टाय लावून यायचा तो बाजार पडलेला असताना; बाजार चढला की तोच अधिकारी "अलोकेशन वरून ठरतं" असं म्हणून जमिनीत गडप व्हायचा. वापीचे शेठ कधीच नाही म्हणायचे नाहीत. "थई जशे, साहेब" म्हणायचे आणि ते व्हायचं नाही. मशीद बंदरच्या वडगादीतला व्यापारी मात्र पृथ्वीतलावरचं कुठलंही रसायन तासाभरात "आहे" म्हणून सांगायचा. ते त्याच्याकडे नसायचं, पण कुणाकडे आहे ते त्याला ठाऊक असायचं, आणि धंद्यात ही गोष्ट माल असण्यापेक्षा मोलाची आहे. चीनमधून एक बाई मेसेज करायच्या. कुठलंसं इंग्रजी नाव धारण केलेलं, दर वाक्याच्या सुरुवातीला "डिअर" आणि शेवटी गुलाबाचं फूल. भाव वाढला की फुलं दोन. आबा प्रत्येक "डिअर"ला "नोटेड" असं उत्तर द्यायचे आणि फोन उपडा ठेवायचे, कारण घरी एकदा गैरसमज झाला होता.

त्यांचं पंचांगही वेगळंच होतं. आमच्या भिंतीवर कालनिर्णय, तसं त्यांच्याही. पण खुणा निराळ्या. चिनी नववर्षाला चीन बंद, म्हणून त्याआधीच्या महिन्यात साठा. होळीला उत्तरेकडचे ड्रायव्हर गावी. गणपतीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी, म्हणजे आख्खं कोकण आरतीत दंग असताना आबा टाक्यांच्या लेव्हल मोजत. दिवाळीनंतर गुजराती पेढ्या लाभपंचमीच्या मुहूर्ताशिवाय उघडत नाहीत. पितृपक्षात मात्र सगळं सुरळीत चालतं, म्हणून त्यांचा सगळ्यात आवडता पंधरवडा तो.

वर्तमानपत्रही ते असंच वाचत. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, तेव्हा सगळा देश एकमेकांना त्याचे विनोद पाठवत होता. आबा कंटेनरचे नंबर शोधत होते. तुतिकोरिनचा तांबं गाळणारा कारखाना २०१८ मध्ये बंद पडला, तेव्हा बाकीच्यांच्या दृष्टीने ती आंदोलनाची बातमी होती. आबा म्हणाले, "दक्षिणेत सल्फ्युरिक महागणार." तांबं गाळताना निघणाऱ्या वायूचं सल्फ्युरिक ॲसिड करतात, हे तिथे बसलेल्यांपैकी दोन बी.एस्सी. आणि एक एम.एस्सी. यांना माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं.

कॉस्टिकचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं. कॉस्टिक सोडा लाय हा ४८ टक्क्यांचा द्राव. दर ठरतो शंभर टक्क्यांवर, पण गाडीभाडं पडतं सगळ्या वजनावर. म्हणजे २० टनांच्या टँकरमध्ये कॉस्टिक ९.६ टन आणि पाणी १०.४ टन. "जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे मी गुजरातमधून भाडं भरून पाणी आणतो," असं ते दर नव्या ट्रेनीला सांगत. मग सुक्या फ्लेक्स का नाही घेत? कारण त्या महाग, आणि विरघळवायला पुन्हा पाणी, माणूस आणि डोळ्यांचा विमा. कुणी नवशिक्या ४५ टक्क्यांच्या लायचं स्वस्त कोटेशन घेऊन नाचत आला, की आबा त्याला कॅल्क्युलेटर देत आणि स्वतः चहाला जात.

त्याहून मजा क्लोरीनची. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक आणि क्लोरीन जुळे जन्माला येतात. टनभर कॉस्टिकमागे सुमारे ०.८८ टन क्लोरीन. कॉस्टिक टाकीत ठेवता येतं, क्लोरीन साठवणं अवघड आणि धोक्याचं. म्हणून क्लोरीनला गिऱ्हाईक नसलं की प्लांटच हळू चालवावा लागतो आणि कॉस्टिक महागतं. अशा दिवसांत कारखानदार क्लोरीन फुकटच काय, वर पैसे देऊन उचलायला लावतात. हे पहिल्यांदा ऐकून आमचे मालक खुर्चीतून उठले होते. "आबा, लोक माल नेण्याचे पैसे देताहेत आणि तुम्ही घेत नाही?" क्लोरीन आणून ठेवायचं कुठे, हा प्रश्न त्यांना पाच मिनिटांनी सुचला. तोवर आबांनी सेफ्टीवाल्याला बोलावून घेतलं होतं. त्याचा चेहरा पाहूनच मालक खाली बसले.

हे सगळं खरं तर कोणताही चांगला खरेदीदार शिकतो. आबांचं वेगळेपण त्यांच्या वहीत होतं. कॉम्प्युटरमध्ये पुरवठादारांची रीतसर यादी होती. वहीत त्या प्रत्येक नावासमोर पेन्सिलीने लिहिलेलं असे, माल खरा कुणाचा.

या वहीचं मूळ मेथॅनॉलमध्ये. आमचे मेथॅनॉलचे तीन पुरवठादार होते: एक मुंबईचा, एक वापीचा, एक गांधीधामचा. साठ-तीस-दहा, सगळं शास्त्रशुद्ध. एका हिवाळ्यात तिघांचा माल एकाच आठवड्यात थांबला. भारतात मेथॅनॉल बहुतांश बाहेरून येतं आणि त्यात इराणचा वाटा मोठा. थंडीत इराणमध्ये घरं गरम ठेवायला गॅस लागतो, मग मेथॅनॉलच्या कारखान्यांचा गॅस तोडतात. आबांनी तिघांचे जुने चाचणी दाखले काढून शेजारी शेजारी ठेवले. शुद्धता तीच, पाणी तेच, आणि तिन्हींत एका इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं. तिघेही कांडल्याच्या एकाच टाकीतून भरत होते. आबा मालकांना म्हणाले, "साहेब, आपण तीन नळ बसवले. टाकी एकच आहे." मालक म्हणाले, "मग चौथा नळ बसवा."

तेव्हापासून त्यांचा नाद एकच झाला. पुरवठादार बदलून काय उपयोग, त्याचा पुरवठादार कोण ते सांग, आणि त्याचाही कोण? 'चीनला पर्याय' म्हणून एका औषधी मध्यस्थ रसायनासाठी त्यांनी हौसेने देशी कारखाना शोधला. कारखाना देशी, मालक देशी, फाटकावर तिरंगा. मालाची आधीची पायरी मात्र चीनमधून, त्याच प्रांतातून, आणि पत्रव्यवहार करणाऱ्या बाईही त्याच. गुलाबाच्या फुलावरून आबांनी ओळखलं.

नव्या पोरांना ते जर्मनीतल्या मार्लची गोष्ट सांगत. ३१ मार्च २०१२ ला तिथल्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, दोन कामगार गेले. तिथे सीडीटी नावाचं एक रसायन होत असे. त्यापासून नायलॉन-१२ होतं, आणि त्यापासून मोटारींच्या इंधनाच्या नि ब्रेकच्या नळ्या. मोटारकंपन्यांकडे नळ्यांचे पुरवठादार भरपूर होते. पण सीडीटीचा मोठा हिस्सा या एकाच ठिकाणचा. अडीच आठवड्यांत अमेरिकेत मिशिगनमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका खोलीत बसून तोडगा शोधावा लागला. आबा गोष्ट संपवून विचारत, "त्या मोटारवाल्यांच्या परचेसमध्ये शिकलेली माणसं नव्हती का? होती. पण वही नव्हती."

एक विषय मात्र ते कधी रंगवून सांगत नसत. ग्लिसरिन. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. आमचा कारखाना थेट औषधं करत नव्हता, पण ग्लिसरिन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा एकही ड्रम अनोळखी व्यापाऱ्याकडून, कितीही स्वस्त असला तरी, आबांनी फाटकातून आत येऊ दिला नाही. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "ड्रमवर काय लिहिलंय ते कुणीही लिहू शकतो." आणि पुढच्या फोनला लागले.

एवढं करून लोकांचा विश्वास होता का? परचेसवाला प्रामाणिक असू शकतो, यावर भारतात कुणाचा विश्वास नाही. दिवाळीत आलेला सुक्यामेव्याचा प्रत्येक डबा ते फाटकावरच्या वहीत नोंदवून कँटीनला पाठवत. त्यावर लोक म्हणायचे, हे दाखवायचे डबे. ते चिपळूणहून एस.टी.ने यायचे; लोक म्हणायचे, एवढं साधं राहतो म्हणजे केवढं दडवलं असेल! २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला आणि त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात छताला पाणी टेकलं, तेव्हा मदतीला गेलेल्या आमच्यातल्या दोघांनी चिखल काढता काढता जरा इकडेतिकडे बघून घेतलं, हे मी पैजेवर सांगतो. निघाले ते कोटेशनांचे भिजलेले गठ्ठे.

मार्च २०२४ मध्ये त्यांची आणखी एक गंमत झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जाणार नाही, असा नियम लागू झाला आणि अकाउंट्सची गाळण उडाली. आबांनी प्रत्येक पुरवठादाराला फोन लावून विचारायचं, "तुम्ही सूक्ष्म की लघु की मध्यम?" वापीचे शेठ वजनाने शंभर किलोच्या पुढचे. ते लाजून म्हणाले, "साहेब, हूं तो सूक्ष्म." काहींनी उलट आपण लहान असल्याचं लपवलं, न जाणो, साहेब ऑर्डर मोठ्याला देतील. आबांनी यादी केली, शेठना सूक्ष्मात घातलं आणि दिवसभर एकटेच हसत बसले.

मग आले सल्लागार. पुरवठासाखळीची जोखीम मोजणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक पुरवठादाराच्या नावापुढे हिरवा, पिवळा, लाल दिवा. टोल्युइनसाठी आमच्याकडे दोन पुरवठादार, दोघेही हिरवे. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं की दोन स्वतंत्र स्रोत आहेत. आबांनी मान डोलावली, वही खणात ठेवली.

त्याच आठवड्यात भिवंडीहून टोल्युइनचा टँकर आला. मी नमुना घेतला. पाणी मर्यादेच्या बरंच वर. माल नाकारला, टँकर परत. प्रॉडक्शनचा आरडाओरडा सुरू झाला, तसा आबांनी दुसऱ्या हिरव्या दिव्याला, मशीद बंदरच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, काळजी करू नका साहेब, उद्या सकाळी गाडी भिवंडीहून काढतो. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी साडेदहाला टँकर फाटकात हजर. नवं बिल, नवं सील, नवा दाखला. ई-वे बिल सकाळी आठचं. भिवंडीहून लोट्याला अडीच तासांत, तेही वडखळवरून! आबा चष्मा कपाळावर सरकवून टँकरभोवती एक फेरी मारून आले. डाव्या मडगार्डला पोचा, आरशाला लटकलेलं लहान मुलाचं एक पायताण.

"जेवलास का रे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"जी साहब, कल से सामनेवाले ढाबे पे ही हूँ," तो निष्पापपणे म्हणाला.

तरी मी नियमाप्रमाणे नमुना लावला. पाण्याचा आकडा कालच्या आकड्याशी दशांशासकट जुळला.

आबा रागावले नाहीत. केबिनमध्ये बसून त्यांनी दोन्ही पुरवठादारांना एकाच कॉलवर घेतलं आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "शेठ, तुम्ही दोघं माझे इतक्या वर्षांचे सप्लायर. म्हटलं, आज तुमची एकमेकांशी ओळख करून द्यावी."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मशीद बंदर घसा खाकरून म्हणालं, "ओळख कशाला, साहेब? तो माझा साडू आहे."

आबांनी फोन ठेवला, खणातून वही काढली, दोघांच्या नावांमध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढून वर 'साडू' असं लिहिलं आणि मला म्हणाले, "आता यांच्या सासऱ्याचा माल कुठून येतो, तेवढं बघायला हवं."